भेस्तानची व्हॅन आणि काठियावाडचा सावज

सुरतेहून द्वारकेला जाणारी आमच्याकडची मंडळी संध्याकाळच्या बसने निघतात, सकाळी देव बघतात, प्रसादाचा डबा घेतात आणि संध्याकाळच्या बसने परत येतात. वाटेत केवढा समुद्र पसरलेला आहे हे त्यांतल्या कोणी मला कधी सांगितलं नाही. सांगणार कुठून, सगळे झोपेत असतात. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी दिवसा जावं, काठाकाठाने जावं, आणि जमलं तर स्टिअरिंग आपल्या हातात ठेवावं.

स्टिअरिंगचं आधी सांगते, कारण आमची सगळी सहल त्याच्यावरच उभी होती.

मी सुरतेत भेस्तानला स्कूल व्हॅन चालवते. व्हॅन निम्मी माझी आणि निम्मी माझ्या थोरल्या दिरांची. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना ग्रे कापडाचे, म्हणजे अजून न रंगवलेल्या कोऱ्या कापडाचे, ताके वाहणारा टेम्पो चालवतात, त्यामुळे रस्त्याच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. शाळेच्या फेऱ्या माझ्या. सुट्टीत मात्र व्हॅन सापुताऱ्याला, नाशिकला भाड्याने जाते तेव्हा नाना बाहेरचा ड्रायव्हर लावतात. यंदा मी म्हटलं, ड्रायव्हर कशाला, मी आहे की.

नाना हसले. "सुनंदा, भेस्तान ते उधना वेगळं, हायवे वेगळा."

"मग हायवेवर जाऊन दाखवते."

"दाखव. काठियावाडची पूर्ण फेरी मारून ये. स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही पाहिजे, आणि 'नाना, आम्हाला न्यायला या' असा फोन आला नाही पाहिजे. जमलं तर लांबच्या फेऱ्या तुझ्या. नाही जमलं तर हा विषय घरात पुन्हा निघायचा नाही."

मी हो म्हटलं. आमचे हे लूमच्या खात्यात मिस्त्री आहेत, मुळातच कमी बोलतात. ते एवढंच म्हणाले, "स्टेपनीत हवा बघून घे."

साक्षीदार म्हणून नानांनी स्वतःच्या बायकोला बरोबर दिलं. माझी थोरली जाऊ, मी तिला अक्का म्हणते. अक्काला सुरतेत येऊन जन्म गेला, पण तोंडातली अहिराणी जशी धुळ्याहून आणली तशीच आहे. ती व्हॅनमध्ये चढली आणि थेट माझ्या मागच्या सीटवर बसली. पुढे ये म्हटलं तर म्हणाली, "पुढे बठनारा पहिला मरस." आणि वर, "आठेतून तुन्हा हात दिसतस माले."

म्हणून पुढच्या सीटवर आली विमल. ही माझी जुनी शेजारीण, अकोल्याकडची. आता कोसाडला राहते आणि साडी फोल्डिंगच्या कारखान्यात काम करते. तिने सामान म्हणून एक पिशवी आणि एक मोठं पोटलं आणलं. पोटल्यात छपाई बिघडलेल्या साड्या होत्या. "अंथरायले होते, पांघरायले होते, काच पुसायले होते," ती म्हणाली. मी ते पोटलं स्टेपनीवर दाबून बसवलं आणि दिवाळीनंतरची लाभपाचम उलटल्यावर, बाजार उघडून रस्त्यावरची गर्दी ओसरली तेव्हा, आम्ही निघालो.

हजिरा ते घोघा

खंबातच्या आखाताला रस्त्याने वळसा घालायचा तर अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा हजिऱ्याला गाडीसकट बोटीत चढावं. बोटीचं पोट उघडतं आणि ट्रक, बस, मोटारी सगळं एकामागून एक आत जातं. आत एक माणूस शिट्टी वाजवत गाड्या लावून घेत होता. माझ्या काचेवर टकटक करून म्हणाला, "ड्राइवर को बुलाओ, गाड़ी रिवर्स में लगानी है."

मी म्हटलं, "बुलाया. आ गया. बोलो किधर लगाऊं."

दोन ट्रकांच्या मध्ये व्हॅन उलटी नेऊन लावली. तो शिट्टी वाजवत पुढच्या गाडीकडे गेला.

वर डेकवर वारा भरपूर होता. अक्काने कठडा दोन्ही हातांनी धरून पाणी बघितलं. आखाताचं पाणी गढूळ, दूध कमी पडलेल्या चहासारखं. "हाऊ काय समुद्र? यानापेक्षा आपली तापी बरी," असं म्हणून ती आत जाऊन बसली. मी म्हटलं, थांब, समुद्र अजून यायचाय.

वेळावदर

घोघ्याला उतरून भावनगरच्या पलीकडे वेळावदर आहे, काळविटांचं अभयारण्य. जंगल म्हणून झाडं शोधत गेलात तर फसाल. नुसतं गवत आहे, गुडघ्याएवढं, पिवळं, नजर पोहोचेल तिथवर. आणि त्या गवतात काळवीट. एक-दोन नव्हे, कळपच्या कळप. नर काळे, पोटाखाली पांढरे, शिंगांना पीळ पडलेला. काही कारण नसताना मध्येच एखादा उडी मारतो, मग त्याच्यामागे सगळे मारतात. शाळा सुटल्यावर पोरं गेटमधून बाहेर येतात ना, तसं.

"एवढं सावज उघड्यावर फिरतंय आणि कोणाला कोणाची भीती नाही," मी म्हटलं.

"भीती आहे वं," विमल म्हणाली, "म्हनून तं उड्या मारून राह्यले."

हा 'सावज' शब्द लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

भावनगर

भावनगरला सकाळी गाठिये खाल्ले. सुरतेत आपण लोचो खातो, खमण खातो, ते सगळं मऊ. हे लोक सकाळी सकाळी तळलेले गाठिये खातात, बरोबर कच्च्या पपईचा संभारो आणि तळलेली मिरची. गाठियेवाल्याने अक्कासमोर कागद ठेवला आणि म्हणाला, "खाव बा, गरम से."

अक्काचा हात तिथेच थांबला. सुरतेत सगळे 'छे' म्हणतात. तिने आयुष्यभर त्या 'छे'ला 'शे' असं उत्तर दिलं आणि भाजीवाल्यांकडून हसून घेतलं. इथे काठियावाडात साधी माणसं 'से' म्हणतात.

"हाऊ तं आपलासारखा बोलस!" ती मला म्हणाली. आणि मग गाठियेवाल्याला, शुद्ध अहिराणीत, "भाऊ, मिरची आखो दे."

त्याने आणखी मिरची दिली. त्याला 'आखो' कळलं की नुसता पुढे केलेला हात कळला, देव जाणे. पण अक्का त्या क्षणी काठियावाडची झाली. पुढचे सगळे दिवस कुठेही थांबलो की ती मला मागे सारून स्वतः बोलायची. "हाई आपलीच भाषा शे, तुले काय समजस." मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं. बोली ओळखीची वाटली की माणूस शब्दही आपलेच धरून चालतो. आमचं नेमकं तिथेच चुकलं.

दीव

महुव्यापासून खाली रस्ता समुद्राच्या जवळ येतो. कांद्याची शेतं, नारळाच्या वाड्या, पवनचक्क्या, काढून ठेवलेल्या भुईमुगाचा वास. मी ताशी साठच्या पुढे गेले नाही. मागून ट्रक हॉर्न मारत होते, त्यांना जाऊ दिलं. ज्यांना घाई असते ते पुढे भेटतातच, टायर बदलताना.

दीवला जाते म्हटल्यावर भेस्तानमधला प्रत्येक पुरुष गालात हसला होता. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे आपल्याकडे दीव म्हणजे बाटली. समुद्र तिथे आहे हे पुष्कळांना परत आल्यावर कळतं. हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाने आमच्याकडे बघितलं, आमच्या मागे बघितलं, मग दाराबाहेर बघितलं.

"जेन्ट्स पाछळ आवे छे?"

"ना," मी म्हटलं. "जेन्ट्स घरे छे. अमे त्रण छीए."

"गाडी कोण चलावे छे?"

"आ हाथ," मी म्हटलं आणि हात काउंटरवर ठेवला. खोली समुद्राकडची मिळाली.

नागवा बीच अर्धचंद्रासारखा आहे. तिथे होका नावाचं ताडासारखं झाड दिसतं, पण ताड सरळ वाढतो आणि होका फांद्या फोडतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन झाडं एकमेकांत अडकलीत असंच वाटलं. पाणी इथे खरंच निळं होतं. विमल साडी खोचून कमरेपर्यंत पाण्यात गेली, मग किनाऱ्यावर बसून तिने पापलेटची एक अख्खी ताटली संपवली. अक्काने ना मासा खाल्ला ना पाण्यात पाय घातला. खाली आपटणाऱ्या लाटेकडे ती पाय दुमडून, संशयाने बघत बसली. "वढी ली जाई," म्हणाली. तिला पाण्याची भीती वाटते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. सुरतेत राहून कधी प्रसंगच आला नाही.

तालाळा ते सासण

आता सावजाचं.

दीवहून आम्ही गीरकडे वळलो. तालाळ्याच्या पुढे आंब्याच्या बागा संपतात आणि दोन्ही बाजूंनी सागाचं रान सुरू होतं. रस्ता सार्वजनिक, पण अरुंद. उन्हं कलली होती. वाटेत एक मालधारी, म्हणजे तिकडचा गुराखी, म्हशी घेऊन उभा होता, पांढरे कपडे, खांद्यावर काठी. त्याने हात वर करून गाडी थांबवली.

"बेन, धीमे जाजो. आगळ सावज बेठो से."

अक्का मागून खुश होऊन म्हणाली, "देख, हाऊ बी 'से' म्हनस!"

मी त्याला धन्यवाद दिले. पुढे सावज बसलंय. म्हणजे हरीण असेल, सांबर असेल. चांगला माणूस, जनावराला धक्का लागू नये म्हणून सांगतोय. विमलने फोटोसाठी फोन काढला. आम्ही काच खाली केली आणि पुढे निघालो.

मराठीत सावज म्हणजे ज्याची शिकार होते ते. आणि ते 'बसलेलं' असतं. तो माणूस 'बेठो' म्हणाला होता, पुल्लिंगात. तेवढ्यावरून माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

वळण घेतलं. रस्त्यावर मधोमध काहीतरी पिवळट आडवं पडलेलं दिसलं. भेस्तानच्या रस्त्यावर गायी बसतात, त्यांच्यासाठी जो हॉर्न मी रोज मारते तोच मारला. दोनदा.

त्याने मान वर केली.

आयाळ काळपट, कानाजवळ विरळ झालेली. तोंड एवढं मोठं की बाकीचं अंग नंतर दिसलं. तो उठला नाही. त्याला उठायची गरज वाटली नाही. तापलेल्या डांबरावर अंग शेकत तो आमच्याकडे बघत राहिला, दुपारच्या झोपेत बेल वाजवणाऱ्या सेल्समनकडे बघतात तसा.

मग विमल अगदी हळू म्हणाली, "सुनंदा, हे काही सावज नाई वं. सावज तं आपुन आहो."

"गाडी मांगे ले," मागून अक्का म्हणाली. "मांगे ले, माय, मांगे ले."

काचा वर केल्या. रिव्हर्स टाकला. आमच्या गल्लीत एका बाजूला गटार आहे, दुसऱ्या बाजूला उभ्या स्कूटर, आणि वळायला जागा नाही. रोज सकाळी मी व्हॅन त्यातून उलटी बाहेर काढते. गीरचं रान त्यापेक्षा रुंद आहे. इंजिनाचा आवाज न वाढवता, आरशात बघत, वळणासकट व्हॅन सरळ मागे नेली आणि मालधाऱ्याशेजारी उभी केली. चाक कडेच्या मातीत उतरलं नाही.

तो काठीवर रेलून हसत होता. "में कीधुं तो खरुं, बेन! सावज एटले सिंह!"

मी त्याला सांगितलं की आमच्या भाषेत सिंह ज्याला खातो त्याला सावज म्हणतात. तो हसायचा थांबला. त्याने म्हशींकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, बराच विचार केला.

"तो तमारे त्यां बधुं ऊंधुं से," तो म्हणाला. तुमच्याकडे सगळंच उलटं आहे.

आम्ही तिथेच थांबलो. थोड्या वेळाने वळणावर सिंह दिसला. उठला होता. आळस देऊन, कोणाकडेही न बघता, रस्ता ओलांडून सागाच्या पानांत शिरला. पानं वाजली आणि गेला. विमलचा फोटो मात्र आधीच निघाला होता, काचेतून, थोडा हललेला, पण सिंह पूर्ण आलेला. तिने तो लगेच अक्काच्या फोनवर पाठवला.

अक्काने पाणी मागितलं. अर्धी बाटली संपवली. मग म्हणाली, "आते चाल." एवढंच.

सासणला एका घरगुती खानावळीत जेवलो. बाजरीचा रोटलो, लसणाची चटणी, ताक, आणि वांग्याचा ओळो, म्हणजे आपलं भरीतच. पण त्यात टोमॅटो घातलेला! अक्काने एक घास घेतला आणि वाढणाऱ्या बाईला विचारलं, "याले भरीत म्हनतस का?" हिरवी मिरची कुठे आहे, शेंगदाणे कुठे आहेत, कांद्याची पात कुठे आहे. ती बाई तिला आत घेऊन गेली. आतून बराच वेळ दोघींचा आवाज येत होता, एकीचा 'शे', दुसरीचा 'से'. बाहेर आल्या तेव्हा हिरव्या मिरचीचं भरीत तयार होतं आणि खानावळीतली बाकीची गिऱ्हाइकंही तेच मागत होती. मी विचारलं, सिंहाची भीती नाही वाटत? वाढणारी म्हणाली, "सावज तो अमारो पडोशी से."

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलखात्याच्या उघड्या जीपमधून रीतसर आत गेलो. तिथे ड्रायव्हर त्यांचा. मला मागे बसायला आवडलं नाही, पण नियम आहे. चितळं दिसली, सांबर दिसलं, मोर तर रस्त्यात उभे. सिंह नाही. गाइडला फार वाईट वाटलं. विमल त्याची समजूत घालत होती, "असू द्या भाऊ. काल दिसला तो बी सावज, आज दिसलं ते बी सावज. आमचं दोन्हीकून भागलं."

माधवपूर

वेरावळ, चोरवाड, मांगरोळ असं करत आम्ही माधवपूरला पोहोचलो. या फेरीतलं मला सर्वांत आवडलेलं ठिकाण हेच. इथे हायवेच्या अगदी बाजूला समुद्र आहे. मध्ये ना भिंत, ना दुकान, फक्त वाळूचा पट्टा. गाडी चालवताना डाव्या हाताला लाट फुटताना दिसते. असा रस्ता सुरतेला असता तर त्याच्यावर एव्हाना तीन मार्केटं उभी राहिली असती.

फोटोसाठी गाडी कडेला लावली. कडेला लावायची ती मी चार हात पुढे नेली, आणि मागची चाकं वाळूत बसली. रेस दिली तशी आणखी खाली गेली.

तिथे शहाळी विकणारे, उंटवाला, आणि एक ट्रॅक्टरवाला काका होता. सगळे जमले. काकाने एका नजरेत अंदाज घेतला आणि हात पुढे केला. "चावी आपो बेन, हुं काढी दउं. तमाराथी नहीं थाय."

माणूस सज्जन होता. ऊन होतं, वाळू उडून डोळ्यांत जात होती, क्लचचा जळका वास येत होता. मी खरं सांगते, मी चावी काढली होती. हात अर्धा पुढे गेला होता. लोकांसमोर गाडीची चाकं आणखी खाली घालवण्यापेक्षा त्याने काढलेली बरी, असं मनात आलं. नाना कुठे बघताहेत.

बघायला होती ती मागच्या सीटवर. मला वाटलं ती गप्प राहील आणि घरी जाऊन सांगेल. तिचं कामच ते होतं.

अक्का दार उघडून खाली उतरली आणि माझ्या आणि काकाच्या मध्ये उभी राहिली.

"चावी नही देवानी," ती मला म्हणाली. मग काकाकडे वळून, "सिंहना पुढून गाडी मांगे लिनी इनी. वाळूमातून नही काढाव?"

काकाला शब्द किती कळले माहीत नाही. 'सिंह' कळलं. त्याने हात मागे घेतला आणि माझ्याकडे नव्याने बघितलं.

मग डोकं चालवलं. मागच्या टायरांची हवा कमी केली, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. हाताने चाकांपुढची वाळू उकरली. आता चाकाला धरायला खाली काहीतरी हवं होतं. विमल डिकीकडे गेली आणि पोटलं घेऊन आली.

त्या साड्या कारखान्यातून नापास झालेल्या. गुलाबी, काठाला मोर, पण छपाईची फ्रेम सरकल्यामुळे एकाही मोराला डोकं नाही. आम्ही त्या घड्या घालून दोन्ही चाकांखाली पट्ट्यासारख्या अंथरल्या. ढकलायला लोकांना बोलावलं. ढकलण्यावर बंदी नव्हती, अट स्टिअरिंगची होती. मी आत बसले, दुसरा गिअर टाकला, क्लच हळू सोडला.

व्हॅन त्या बिनडोक्याच्या मोरांवरून चढली आणि थेट डांबरावर आली. शहाळेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. उंटवाल्याने उंटाच्या गळ्यातली घंटा वाजवली. काका म्हणाला, "साडीनो आवो उपयोग में पहेली वार जोयो." विमलने साड्या झटकून पुन्हा पोटल्यात बांधल्या. "धुतल्या का होते," म्हणाली. पायपंप माझ्याकडे असतोच. हवा भरली, शहाळी प्यायली.

निघताना बघितलं तर अक्का पुढच्या सीटवर बसली होती. पट्टा लावून. विमल आपली पिशवी उचलून मागे गेली.

नरारा

पोरबंदर आणि द्वारका तुम्ही ऐकून आहात, त्यामुळे लांबवत नाही. द्वारकेच्या पुढे शिवराजपूरचा बीच आहे, तिथे पाणी इतकं स्वच्छ की आपल्या पायाची नखं दिसतात. अक्काने देवाचं दर्शन घेतलं आणि मग तासभर लांबून बीचचं दर्शन घेतलं.

पण जामनगरच्या अलीकडे नराराला जे आहे ते दुसरीकडे कुठे बघितलं नाही. ते समुद्रातलं राष्ट्रीय उद्यान आहे. ओहोटीच्या वेळी समुद्र मैलभर मागे सरकतो आणि तळ उघडा पडतो. त्या तळावरून गाइडबरोबर चालत जायचं, घोटाभर पाण्यातून. भरतीच्या आत परत यायचं. वेळ आधी विचारून जा, आणि चपला घालून जाऊ नका, तळाशी प्रवाळ धारदार असतं. जुने बूट हवेत.

अक्काकडे बूट नव्हते. तिने पिशवीतून नानांचे टेम्पोवर घालायचे जुने बूट काढले. तिने ते घरून आणले होते. म्हणजे कोणालाही न सांगता, पाण्यात जायचा विचार तिने भेस्तानलाच करून ठेवला होता. नागव्याला धीर झाला नव्हता, एवढंच.

लेस आवळली, साडी खोचली, आणि गाइडचा हात धरून ती उतरली. दहा पावलांवर हात सोडला. एका डबक्यात दगडाएवढा ऑक्टोपस होता. गाइडने बोट लावलं तसा त्याने रंग बदलला. एक मासा फुगून चेंडूसारखा झाला. फुलासारखं दिसणारं एक जनावर स्पर्श होताच मिटलं. खेकडे तर पायाखालून. अक्का प्रत्येक गोष्टीजवळ वाकून, "हाई काय शे? आनि हाई?" असं विचारत होती. गाइड उत्तर देऊन दमला. भरतीची वेळ झाली, त्याने हाका मारल्या, तरी ती सगळ्यात पुढे आणि आम्ही मागे.

परतताना ती समुद्राकडे वळून म्हणाली, "आते म्हनस मी तुले समुद्र."

भेस्तान

परतीचा रस्ता राजकोटवरून सरळ आहे, सांगण्यासारखं काही नाही. पुन्हा बोट, पुन्हा हजिरा, विमलला कोसाडला सोडलं, आणि संध्याकाळी व्हॅन आमच्या गल्लीत उलटी लावली.

नाना बाहेरच उभे होते. त्यांनी व्हॅनला फेरी मारली. बंपर बघितला, दारं बघितली, खाली वाकून चाकं बघितली. मागच्या चाकातून गुलाबी धागा ओढून काढला. "हे काय?"

"मोर," अक्का म्हणाली.

नानांनी तो धागा फेकला. "स्टिअरिंगला कोणाचा हात लागला?"

"नही."

"कुठे अडकली?"

"गीरमा सावज आडवं उनं. इनी गाडी मांगे लिनी."

नाना धुळ्याचेच. त्यांनी तो शब्द ऐकला आणि हसत माझ्याकडे वळले. "सावज? हरणाला घाबरून गाडी मागे घेतली? मी असतो तर हॉर्न मारून पुढे गेलो असतो."

मी बोलणार होते. अक्काने माझा दंड दाबला.

"इनी बी मारा व्हता हॉर्न," ती शांतपणे म्हणाली. "दोनदाव." मग तिने फोन काढला, फोटो लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

नानांनी फोटो बघितला. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग त्यांनी व्हॅनची पुढची काच बघितली, जणू तिच्यातून त्यांना काही दिसणार होतं. आमचे हे दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "स्टेपनी लागली का?" मी म्हटलं, नाही लागली.

"डिसेंबरात सापुताऱ्याची एक फेरी आहे," नाना फोन परत देत म्हणाले. ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "ड्रायव्हरला नाही म्हणून सांगतो. तू जा."

मी चावी पर्समध्ये टाकली. अक्का तोवर पिशवीतून नानांचे बूट काढत होती. उलटे करून तिने ते उंबऱ्यावर झटकले. त्यातून नराराची वाळू पडली.

"सुनंदा," ती मान वर न करता म्हणाली, "पुढली सीट मन्ही शे."